धुरीनंतर उरते ते: अन्नातील आणि मातीतील वायुरूप कीटकनाशकांचे अवशेष

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा इशारा यंत्रणेला एक सूचना पाठवली. भारतातून आलेल्या तिळांत इथिलीन ऑक्साइड या वायूचे अवशेष सापडले होते, आणि ते थोडेथोडके नव्हते. तिळासाठी युरोपात ठरलेली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. काही खेपांत तिच्या हजार पटींहून अधिक अंश आढळला. पुढील काही महिन्यांत तीळ लावलेले पाव, बिस्किटे, ताहिनी, न्याहारीची धान्यमिश्रणे असे हजारो पदार्थ दुकानांतून परत घेतले गेले. ऑक्टोबरअखेरीस भारतीय तिळाच्या निम्म्या खेपांची सीमेवरच तपासणी करण्याचा नियम लागू झाला. त्या वर्षीच्या संक्रांतीला युरोपातील मराठी घरांत तिळाच्या पिशवीवरचा उगमदेश वाचला गेला असेल, तर त्यात नवल नव्हते.

साडेतीन वर्षांनी हाच वायू पुन्हा बातम्यांत आला. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या चार मसाल्यांत तो आढळल्याचे जाहीर केले. पाठोपाठ सिंगापूरने त्यांपैकी एक मसाला बाजारातून परत मागवला. भारताच्या मसाले मंडळाने या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालाची इथिलीन ऑक्साइडसाठी चाचणी सक्तीची केली, तर ब्रिटनने भारतीय मसाल्यांवरील तपासणी कडक केली. मात्र याच काळात अमेरिकेतील किराणा दुकानांत याच वायूने निर्जंतुक केलेले मसाले कायदेशीरपणे विकले जात होते आणि आजही विकले जातात. एकच पदार्थ रॉटरडॅममध्ये निषिद्ध आणि शिकागोत मान्य कसा, याचे उत्तर शोधायचे तर धुरी या प्रक्रियेकडेच मुळातून पाहावे लागते.

धुरीचे रसायन

मराठी कानाला ‘धुरी’ म्हटले की ओवा-शेपांची, बाळबाळंतिणीची धुरी आठवते. शेतीशास्त्रातील धुरीला मात्र धूरही नसतो आणि विस्तवही नसतो. धुरीजन्य रसायन म्हणजे बंदिस्त जागेत वायुरूपाने पसरणारे विष. फवारलेले औषध दाण्याच्या पृष्ठभागावर थांबते. वायू पोत्यांच्या थप्पीच्या गाभ्यापर्यंत, दाण्याच्या आत बसलेल्या सोंडकिड्याच्या अळीपर्यंत आणि मातीच्या कणांमधील पोकळ्यांपर्यंत पोहोचतो. काम झाले की ताडपत्री काढावी, वारा खेळू द्यावा आणि विष हवेबरोबर निघून जावे, अशी या पद्धतीमागची कल्पना. वायू उडून जातो म्हणजे अवशेष राहत नाही, हे गृहीतक कित्येक दशके फारसे कोणी तपासले नाही.

ते अर्धेच खरे होते. काही वायू बव्हंशी निघून जातात, पण काही अन्नाशी रासायनिक विक्रिया करून वेगळ्याच रूपाने मागे राहतात. मिथिल ब्रोमाइड अन्नातील प्रथिनांशी संयोग पावते आणि ब्रोमाइड मागे ठेवते. इथिलीन ऑक्साइड अन्नातील नैसर्गिक क्षारांमधील क्लोराइडशी जुळून २-क्लोरोइथॅनॉल तयार करते. मूळ वायू १०.७ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानालाही उडून जातो. क्लोरोइथॅनॉलचा उत्कलनबिंदू मात्र १२८ अंशांच्या आसपास आहे. म्हणून मसाल्याचा डबा उघडा ठेवल्याने मूळ वायू कमी होईल, पण त्याचे हे अपत्य डब्यातच राहील. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात दोहोंचाही वास येत नाही. डबा हुंगून काही कळत नाही.

इथिलीन ऑक्साइड: दोन खंड, दोन हिशेब

या वायूचा उपयोग कीड मारण्यापेक्षा जंतू मारण्यासाठी अधिक होतो. मिरी, मिरची, धने, हळद हे पदार्थ उघड्यावर, बहुधा जमिनीवर वाळतात. पाखरे, उंदीर, धूळ यांचा संसर्ग त्यांना टळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २००९ या काळात आयात मसाल्यांची पाहणी केली, तेव्हा ६.६ टक्के खेपांत साल्मोनेला जंतू सापडले. हा धोका काल्पनिक नाही. वाफेने जंतू मरतात, पण रंग आणि सुगंधी तेले काही प्रमाणात जातात. वायूने मसाला दिसायला आणि चवीला जसाच्या तसा राहतो. व्यापाराला त्याचे आकर्षण वाटावे यात आश्चर्य नाही.

अडचण अशी की जो गुण जंतूंचा नाश करतो, तोच मानवी पेशीलाही अपाय करतो. इथिलीन ऑक्साइडचा रेणू पेशीतील प्रथिनांना आणि डीएनएला थेट चिकटतो व त्याची रचना बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या पदार्थांत टाकले. अमेरिकेत वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या कारखान्यांतील अठरा हजारांहून अधिक कामगारांच्या दीर्घ अभ्यासात रक्तपेशींचे व स्तनांचे कर्करोग आणि या वायूचा अधिक संपर्क यांचा संबंध दिसला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या घातकतेचे नवे मूल्यमापन केले. त्यानंतर शिकागोजवळच्या विलोब्रुक येथील एक निर्जंतुकीकरण केंद्र परिसरातील रहिवाशांच्या रेट्यामुळे २०१९ मध्ये बंद पडले.

हे सर्व पुरावे श्वासावाटे होणाऱ्या संपर्काचे आहेत, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. मसाल्यातून पोटात जाणाऱ्या अवशेषामुळे अमुक इतक्यांना कर्करोग झाला, असा थेट मानवी पुरावा नाही. शरीर स्वतःही अत्यल्प इथिलीन ऑक्साइड तयार करते, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा कितीतरी जास्त आढळतात. परंतु जनुकांवर थेट आघात करणाऱ्या पदार्थाची ‘याखाली धोका नाही’ अशी रेषा आखता येत नाही. युरोपने यावरून निष्कर्ष काढला की असा पदार्थ अन्नात मुद्दाम वापरूच नये. तेथे कीडनाशक म्हणून त्याच्यावर १९९१ पासून बंदी आहे, आणि मर्यादा मोजताना क्लोरोइथॅनॉलही त्यातच धरले जाते. अमेरिकेने दुसऱ्या बाजूने हिशेब केला: साल्मोनेलाने आजारी पडणारी माणसे आज मोजता येतात, म्हणून वायू वापरावा, पण मर्यादेत. तेथे वाळलेल्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि क्लोरोइथॅनॉल ९४० मिलिग्रॅमपर्यंत चालते. युरोपात मसाल्यांची एकत्रित मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे.

या आकड्यांचा स्वयंपाकघरातील अर्थ सोपा आहे. दिवसाकाठी पाच ग्रॅम मसाला खाणाऱ्याच्या पोटात अमेरिकी मर्यादेनुसार कमाल ३५ मायक्रोग्रॅम मूळ वायू आणि जवळपास पावणेपाच मिलिग्रॅम क्लोरोइथॅनॉल जाऊ शकते; युरोपीय मर्यादेनुसार दोन्ही मिळून अर्धा मायक्रोग्रॅम. क्लोरोइथॅनॉल जनुकांना कितपत अपाय करते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये उपलब्ध पुरावा अपुरा ठरवला. शंका आहे तोवर ते मूळ वायूइतकेच घातक समजावे, ही युरोपची भूमिका. पाच ग्रॅम हा आकडा अनेक पाश्चात्त्य घरांत मोठा वाटेल. रोजच्या आमटीत गोडा मसाला, भाजीत तिखट आणि वर लसणाची चटणी असणाऱ्या घरात तो सहज गाठला जातो, आणि सरासरी ग्राहक गृहीत धरून केलेल्या हिशेबात असे घर बसेलच असे नाही.

युरोपचा कडकपणाही कधी कधी विचित्र टोकाला गेला. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅरोबच्या बियांपासून केलेल्या डिंकात हा वायू सापडला, तेव्हा तो डिंक चिमूटभर वापरलेली आइस्क्रीमे देशोदेशी परत मागवण्यात आली. तयार आइस्क्रीममध्ये अवशेष मोजण्याइतकाही उरला नसताना.

मातीत गेलेले विष

अन्नावरची धुरी ताटापर्यंत येते म्हणून तिची चर्चा होते. मातीत सोडलेल्या धुरीची किंमत बहुधा दुसऱ्यांनी मोजली आहे, आणि तिचा इतिहास अधिक काळाकुट्ट आहे.

डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, म्हणजे डीबीसीपी, हे रसायन १९५५ च्या सुमारास ‘नेमॅगॉन’ आणि ‘फ्युमाझोन’ या नावांनी बाजारात आले. मुळांवर जगणारे सूत्रकृमी मारण्यासाठी ते जमिनीत टोचले जाई. द्राक्षे, संत्री, अननस, केळी या पिकांना त्याने लाभ होई. १९६१ मध्ये उत्पादक कंपन्यांच्याच शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, असे त्यात नोंदले होते. त्यानंतरही विक्री सोळा वर्षे सुरू राहिली. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यातील कामगारांच्या आपसांतील बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली: त्यांच्यापैकी कोणाला मुले होत नव्हती. तपासणीत अनेकांचे शुक्रजंतू अत्यल्प किंवा शून्य निघाले. कॅलिफोर्नियाने वापर तत्काळ थांबवला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बंदी आली, पण हवाईच्या अननसमळ्यांना १९८५ पर्यंत सूट राहिली. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत ते अमेरिकेतील बंदीनंतरही पोहोचत राहिले. कोस्टा रिका, निकाराग्वा, होंडुरास येथील हजारो मजुरांनी वंध्यत्वाबद्दल दाखल केलेले खटले पुढे अनेक दशके चालले. भारतात या रसायनावर १९८९ मध्ये बंदी घालण्यात आली.

बंदीने रसायन जमिनीतून निघून गेले नाही. डीबीसीपी पाण्यात विरघळते आणि भूजलात अत्यंत सावकाश नष्ट होते. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, विशेषतः फ्रेस्नो परिसरात, अनेक विहिरींचे पाणी बंदीनंतर दशके उलटल्यावरही सक्रिय कोळशातून गाळून मगच नळाला सोडावे लागते. पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम आहे.

त्याचेच भावंड इथिलीन डायब्रोमाइड, अर्थात ईडीबी. हे मातीतही वापरले गेले आणि धान्यावरही. शिसेयुक्त पेट्रोलमध्येही ते घातले जाई, हा त्याचा तिसरा अवतार. भूजलात ते सापडू लागल्यावर सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेने त्याचा मातीतील वापर तातडीने स्थगित केला. त्याच हिवाळ्यात फ्लोरिडाने दुकानांतील पिठे आणि केकची तयार मिश्रणे तपासली आणि मालाच्या मांडण्या रिकाम्या होऊ लागल्या. फेब्रुवारी १९८४ मध्ये धान्यावरील वापरही थांबला. तोवर कोठारांत असलेल्या मालासाठी मर्यादा ठरवल्या गेल्या: कच्च्या धान्यात दर अब्ज भागांत ९००, पिठांत १५०, तयार खाद्यात ३०. भट्टीत भाजल्याने वायू बराच उडतो, हा त्या उतरत्या आकड्यांमागचा आधार होता. भारतात तोवर धान्यसंरक्षणाच्या सरकारी प्रचारातून ईडीबीच्या छोट्या काचेच्या कुप्या घरगुती कोठ्यांसाठी सुचवल्या जात; कुपी फोडून धान्यात खोचायची आणि झाकण लिंपून टाकायचे. तेथे बंदी आली ती २००१ मध्ये.

मिथिल ब्रोमाइडची गोष्ट थोडी निराळी आहे. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीची भरभराट बऱ्याच अंशी याच वायूवर उभी राहिली. लागवडीपूर्वी तो जमिनीत सोडून शेतावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला जाई. बुरशी, सूत्रकृमी, तण सगळे एका दमात मरे. जमिनीतील उपयुक्त जिवाणूही मरत, आणि त्यांत अमोनियाचे नायट्रेट करणारेही असत. त्याच्यावर गदा आली ती माणसाच्या आरोग्यापेक्षा ओझोनच्या थरामुळे. १९९२ मध्ये माँट्रिऑल करारात त्याचा समावेश झाला. विकसित देशांसाठी २००५ आणि विकसनशील देशांसाठी २०१५ ही अखेरची मुदत ठरली. मात्र आयात-निर्यातीतील विलग्नवासासाठीचा वापर वगळला गेला आणि ही फट आजही उघडी आहे. भारत आयात डाळींवर मिथिल ब्रोमाइडचीच धुरी मागतो, यावरून कॅनडाशी त्याचा वाद झाला. परदेशी स्थलांतर करणाऱ्यांच्या सामानाच्या लाकडी खोक्यांवरही ही फट वाचता येते: शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर लाकडाला उष्णता दिली आहे, ‘एमबी’ असतील तर मिथिल ब्रोमाइड.

पर्यायांची वाटही निर्धोक नव्हती. मिथिल आयोडाइडला कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०१० मध्ये परवानगी दिली. नोबेल विजेत्यांसह पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याआधीच त्याविरुद्ध इशारा दिला होता. मार्च २०१२ मध्ये उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले. १,३-डायक्लोरोप्रोपीन हवेत फार आढळल्याने १९९० मध्ये कॅलिफोर्नियात थांबवले गेले आणि १९९५ मध्ये निर्बंधांसह परतले. क्लोरोपिक्रिन तर पहिल्या महायुद्धात शत्रूवर सोडला गेलेला वायू. लागवडीपूर्वी दिलेल्या या विषांचा अंश स्ट्रॉबेरीच्या फळात जवळजवळ उतरत नाही, हे ग्राहकासाठी दिलासादायक आहे. वॉटसनव्हिल किंवा ऑक्सनार्डच्या शेतांलगत राहणाऱ्या मेक्सिकन मजुरांना आणि त्यांच्या शाळकरी मुलांना त्या दिलाशाचा उपयोग नाही.

महाराष्ट्रातील पॉलिहाऊसमध्ये फुलांचे व ढोबळी मिरचीचे गादीवाफे फॉर्मॅलिनने निर्जंतुक करण्याची पद्धत रुळली आहे. फॉर्मॅल्डिहाइडही पहिल्या गटातीलच कर्करोगकारक. तेथेही बाधा होते ती फूल विकत घेणाऱ्याला नव्हे, तर बंद छताखाली नाकाला फडके बांधून उभ्या असलेल्या माणसाला.

फॉस्फीन: ताटात कमी, घरात जास्त

आज जगातील साठवणुकीच्या धान्यावर सर्वाधिक वापरली जाते ती फॉस्फीनची धुरी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची गोळी हवेतील ओलाव्याने फुटते आणि एक ग्रॅम वायू सोडते. पेशीतील श्वसनाची अखेरची पायरीच तो रोखतो. धान्य नीट हवेशीर केले तर अवशेष अत्यल्प उरतो. आंतरराष्ट्रीय मर्यादा कच्च्या धान्यात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आणि पिठांत त्याच्या दशांश आहे. अन्नातील अवशेषाच्या दृष्टीने धुरीजन्य रसायनांत हे त्यातल्या त्यात सौम्य म्हणता येईल. काही किडींनी त्याला दाद न देण्याची क्षमता कमावली आहे, त्यामुळे मात्रा वाढवण्याचा मोह होतो, ही वेगळी चिंता.

खरा धोका या गोळ्या माणसांच्या वस्तीत येतात तेव्हा. भारतात कायद्याने त्या केवळ सरकारी देखरेखीखाली वा मान्यताप्राप्त तज्ज्ञांनीच वापरायच्या आहेत, तरी त्या सहज मिळतात आणि गव्हाच्या पिंपात टाकल्या जातात. संयुक्त अरब अमिरातीत त्यांच्या घरगुती वापरास बंदी आहे. असे असूनही शारजा, अजमान, दुबई येथे ढेकणांसाठी शेजारच्या सदनिकेत बेकायदा ठेवलेल्या गोळ्यांनी अख्खी कुटुंबे रुग्णालयात गेली आणि लहान मुले दगावली. हा वायू वातानुकूलनाच्या नळ्यांतून, छताच्या पोकळीतून, विजेच्या खाचांतून भिंतीपलीकडे जातो. एका गोळीतला वायू दहा बाय बाराच्या बंद खोलीत पसरला तर त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत वीसच्या वर जाते. कारखान्यातील कामगारांसाठी अमेरिकेने ठरवलेली मर्यादा ०.३ आहे. जानेवारी २०१७ मध्ये टेक्सासमधील अमॅरिलो येथे घराखाली टाकलेल्या गोळ्यांचा वास येतो म्हणून त्या पाण्याने धुवून काढण्याचा प्रयत्न झाला. पाण्यामुळे वायू एकदम सुटला आणि एकाच घरातील चार मुले गेली.

लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास, डोकेदुखी, मळमळ, छातीत जड वाटणे, घरातील एकाहून अधिक जणांना एकाच वेळी उलट्या: ही लक्षणे आखातात अनेकदा अन्नविषबाधा समजून घरीच ठेवली गेली आहेत. अशा वेळी सर्वांनी घराबाहेर पडणे, आपत्कालीन सेवेला फॉस्फीनचा संशय स्पष्ट शब्दांत सांगणे आणि गोळ्यांना वा त्यांच्या भुकटीला पाणी न लावणे, या तीन गोष्टींनी जीव वाचतो. या वायूवर उतारा नाही. उपचार फक्त श्वसन व रक्ताभिसरणाला आधार देण्याचे असतात.

धुरीशिवाय

एके काळी अमेरिकेत येणाऱ्या आंब्यांनाही फळमाशीसाठी ईडीबीची धुरी दिली जाई. भारतीय आंब्याला तो देश २००७ मध्ये पुन्हा खुला झाला तो किरणोत्साराच्या मार्गाने, आणि त्याची पहिली मान्यता मिळाली लासलगावच्या ‘कृषक’ केंद्राला. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ते उभारले होते कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. ४०० ग्रे इतकी मात्रा माशीची अळी निकामी करते आणि फळात काहीही मागे ठेवत नाही. जपान त्याऐवजी उष्ण बाष्पाची प्रक्रिया मागतो. मसाल्यांनाही किरणोत्सार चालतो, परंतु वेष्टनावर त्याचे हिरवे चिन्ह छापावे लागते आणि ग्राहक बिचकतो. इथिलीन ऑक्साइड दिलेल्या मसाल्यावर तसे काही छापावे लागत नाही. निर्धोक पद्धत उघड सांगावी लागते आणि सदोष पद्धत झाकलेली राहते, अशी ही उलटी रीत आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांना इथिलीन ऑक्साइड टाळायचा असेल तर प्रमाणित सेंद्रिय मसाला घेणे हा विश्वसनीय मार्ग आहे, कारण सेंद्रिय प्रमाणनात हा वायू चालत नाही. ‘वाफेने निर्जंतुक’ असा उल्लेख असेल तर तोही. मसाला घरी भाजल्याने मूळ वायू आणि जंतू दोन्ही कमी होतात, क्लोरोइथॅनॉलची तशी खात्री देता येत नाही. गावाहून येताना बांधून दिलेल्या तांदळाला वा तुरीला बोरिक पावडर चोळली असेल, तर ती धुरी नव्हे, पण युरोपात ती प्रजननास घातक पदार्थांत मोडते. असे धान्य तीनचार पाण्यांनी धुवावे. एरंडेल लावलेल्या डाळीचा प्रश्न फक्त वासाचा.

धान्याच्या किडीला हवा तोडणे हा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. जमिनीतले पेव तोंड लिंपून बंद केले की आतील प्राणवायू दाणे आणि किडे मिळून संपवत आणि कीड गुदमरून मरे. म्हणूनच उघडलेल्या पेवात लगेच उतरणाऱ्या माणसाचाही जीव जाई. आफ्रिकेत चवळीसाठी पर्ड्यू विद्यापीठाने विकसित केलेल्या हवाबंद तिहेरी पिशव्या याच तत्त्वावर चालतात. परदेशातील घरात तर त्याचीही गरज नाही. डाळ, रवा, ज्वारीचे पीठ आणल्यावर आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले की अंडी, अळ्या, किडे सगळे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर थंड धान्यावर दव धरते आणि किडीऐवजी बुरशी लागते.